दिव्याभोवतीचे पंख आणि घरातली वाळवी

श्रोतेहो, नमस्कार.

पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती किड्यांचा नुसता गोंधळ माजतो आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडलेला असतो. तो केरात टाकण्याआधी एक पंखवाला किडा नीट पाहा. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर मुंगीसारखी बारीक नाही, तर ती वाळवी. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. बाहेरून दिव्यावर आलेल्या वाळवीची फार धास्ती नको. पण दारं-खिडक्या बंद असताना ती चौकटीच्या फटीतून बाहेर पडताना दिसली, तर तिचं बिऱ्हाड घरातच आहे असं समजा.

एरवी ती समोर येत नाही. अंग मऊ, पांढरट. कोरड्या हवेत लगेच सुकतं. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची नळी बांधत येते. ही नळी दिसली की आपला हात आधी फडक्याकडे जातो! पुसू नका. बोटभर तुकडा फोडून ठेवा. चार-पाच दिवसांत तो बुजवला गेला, तर आत ये-जा चालू आहे. नाही बुजवला तरी निर्धास्त होऊ नका, तिने वाट बदललेली असू शकते. नळी खाली कुठे शिरते ते शोधा, खरं काम तिथेच आहे.

चौकट उंबरठ्यापासून वर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला की तिथे टोक दाबा. वर रंगाचा पापुद्रा शाबूत, आत मातीने लिंपलेल्या चिरा. ‘आमची चौकट सागाची आहे’ हे मी फार वेळा ऐकतो. सागाचा जुना गाभा वाळवी सहसा सोडून देते; कडेचं फिकट लाकूड ती खाते, आणि स्वस्तातल्या चौकटीत ते हमखास असतं. आंब्याच्या फळीबद्दल तर बोलायलाच नको.

रॉकेल ओतलं की समोरची मरते. राणी मातीत, कधी कधी अंगणापलीकडे, अंडी घालतच राहते. म्हणून औषध मातीत उतरायला हवं. जाणकार माणूस भिंत आणि जमीन मिळते त्या कडेने साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडतो आणि भोकं बुजवतो. लाकडावर नुसता फवारा मारून जाणाऱ्याला पैसे देऊ नका. आवारात विहीर असेल तर ते काम सुरू होण्याआधी सांगा.

त्याहीआधी ओल काढा. गळका नळ, झिरपणारी मोरी, जोत्याशी साचणारं पागोळ्यांचं पाणी. जळाऊ लाकडं भिंतीला टेकवून रचू नका, आणि पुस्तकांची पुठ्ठ्याची खोकी ओलसर भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा.

नवं घर बांधत असाल, तर पाया भरताना आणि जोत्याच्या भरावावर, लादीकाम सुरू होण्याआधीच औषध घालून घ्या. पुढे नळाच्या पाइपासाठी तिथे खणलंत, तर औषधाचा थर तेवढ्या पट्ट्यात तुटतो. चर बुजवताना त्या मातीत ते पुन्हा घालावं लागतं.