पाणी उतरलेली पटाशी

(दृश्य : पुण्याचा जुना बाजार, सकाळ. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर गंजलेली हत्यारं.)

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. बंद पडलेली घड्याळं, पितळी कड्या, कुणाच्या तरी वाड्याची कुलपं, आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यात सुतारकामाची हत्यारं. वाकस, गिरमिट, करवती, रंध्याची सुटी पाती, आणि पटाश्या, म्हणजे लाकूड तासायची, कोरायची चपट्या पात्याची हत्यारं. एखाद्या सुताराचे हात थकतात, मुलगा दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो, आणि पेटीच्या पेटी इथे येऊन पडते.

"विलायती आहे साहेब, घेऊन टाका." कधी कधी ते खरंही असतं. अंगठ्यानं गंज पुसला की खालून शेफील्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहराचा, ठसा निघतो. ठशावर भुलू नका. पटाशी उलटी करा.

पटाशीला टोकाशी दोन बाजू असतात. एक उतरती, तिच्याकडे सगळे बघतात. दुसरी सपाट पाठ, तिच्याकडे कुणी बघत नाही. या दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. उताराचा गंज चालून जातो, धार लावता लावता तो घासून निघतोच. पण पाठीवर, टोकाजवळ, गंजानं खड्डे पाडले असतील तर प्रत्येक खड्ड्याची खाच धारेत उमटणार. अशी पटाशी फुकट मिळाली तरी महागच.

जुन्या पटाशीच्या उतारावर नीट पाहिलं तर कधी एक पुसट आडवी रेघ दिसते. लोहारानं मऊ लोखंडावर पोलादाचा थर तापवून, ठोकून एकजीव केल्याची ती खूण. पोलाद महाग होतं, म्हणून जिथे धार तिथेच पोलाद. अशी रेघ दिसली तर घासाघीस करायला हरकत नाही, पण आवाज फार चढवू नका. विकणाऱ्यालाही ती रेघ माहीत असते.

आणि धारेजवळ निळसर झाक दिसली तर?

(दृश्य : लोहाराची भट्टी. तापलेलं पातं पाण्यात बुडतं.)

तापलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवलं की काचेसारखं होतं, कडक आणि तितकंच ठिसूळ. तसंच वापरलं तर पहिल्याच घावाला टवका उडेल. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, म्हणजे साधारण २३० अंश सेल्सियस, की थांबायचं. लोहार याला पाणी देणं म्हणतात. रंग पुढे सरकत निळा झाला, म्हणजे पातं ३०० अंशांच्या आसपास गेलं, की त्याचा कडकपणा पटाशीच्या कामाचा राहत नाही. पाणी उतरलं.

भट्टीवर हे क्वचित होतं. होतं ते ग्राइंडरवर. घाईत पटाशी फिरत्या चाकावर दाबली, की पातळ धार काही सेकंदांत निळी पडते. ठिणग्या कॅमेऱ्यात फार सुरेख दिसतात. आम्हीही त्या टिपल्या होत्या, नंतर काढून टाकल्या. ग्राइंडर वापरायचाच तर दर दोन-तीन घासांनंतर पातं पाण्यात बुडवायचं.

नवीन हत्यार घेणाऱ्यासाठी करवतीपुरतं एक सांगतो. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं काळसर-निळी असतात. तिथला निळेपणा बिघाडाचा नाही. ते दात मुद्दाम इतके कडक केलेले असतात, की त्यांच्यावर तिधारी कानस नुसती घसरते. बरेच दिवस चालतात आणि मग फेकून द्यायच्या. ज्याला दात स्वतः घासायचे आहेत त्यानं साध्या पोलादाची करवत मागून घ्यावी.

(दृश्य : ओटीवर बसलेले सुतारकाका. पुढ्यात काचेचा तुकडा, दगड, तेलाची बुधली.)

ही पटाशी आम्ही त्याच ताडपत्रीवरून आणली. काका ती आधी दगडावर नेत नाहीत. जाड काचेवर ओला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, पसरतात, २२० नंबरचा, आणि त्यावर पाठ घासतात. सबंध पाठ घासायची गरज नाही, टोकाकडची दोन बोटं जागा पुरते. मग ४००, ८००, १०००. अर्धा-पाऊण तास जातो. बघायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण पाठीचं हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं.

आता उतार. त्याचा कोन साधारण २५ ते ३० अंश हवा. काकांकडे कोनमापक नाही. ते जाडी बघतात. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की ३० अंश झाले. ५ मिलिमीटर जाड पटाशीला १० मिलिमीटर उतार. १२ च्या जवळ गेला की २५. नाजूक तासकामाला २५ बरा, हातोडीचे घाव खाणाऱ्या पटाशीला ३०.

दगडावर तेलाचे थेंब. साधं मशीनचं तेल. जवसाचं नको, ते वाळतं आणि दगडाची तोंडं बुजवतं. मनगट ताठ, हालचाल खांद्यातून. मनगट डुललं की सपाट उताराला पोट सुटतं. सबंध दगड वापरायचा, मधोमधच घासत राहिलं की दगडाची पन्हाळ होते.

किती वेळ घासायचं? घड्याळ बघू नका. पाठीकडून धारेबाहेर अंगठा हलकेच सरकवा. सूक्ष्म खरखर लागली की पोलाद धारेपलीकडे वळलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती लागली पाहिजे, मधेच तुटली तर काम बाकी आहे. मग पाठ दगडावर पूर्ण टेकवून दोन-चार घास, आणि शेवटी चामड्यावर ओढायचं.

मनगटावरचे केस काढून दाखवायची हौस सगळ्यांना असते. काका पांगाऱ्याचा तुकडा उचलतात. पांगारा म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांचं मऊ लाकूड. त्याच्या आडव्या कापावर बोथट पटाशी लाकूड चेपते, तंतू उपटते. धारदार असेल तर काप गुळगुळीत निघतो. मऊ लाकूड कडक लाकडापेक्षा जास्त चुगलखोर असतं.

(दृश्य : सागाची फळी. काकांनी ती पायाच्या अंगठ्याखाली धरली आहे.)

आजचं काम सागात आहे. सागाच्या अंगात तेल असतं, त्याला सहसा वाळवी लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताखाली सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. त्याच सागात वाळूचा अंशही असतो, सिलिका. बाभळीसारखा साग कठीण नाही, तरी धार भराभर खातो. म्हणून दगड हाताशी.

रंधा मारण्याआधी काका फळीची कड बघतात. लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला वर चढतात तिकडेच रंधा जायला हवा. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहा, फळीला काय वाटतं ते कळेल. लाकडी रंध्याचं पातं खाली घ्यायचं तर पात्याच्या माथ्यावर टिचकीएवढा ठोका, वर घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या अंगावर. तळाला मेणबत्ती फिरवलेली.

आता कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं फळीचं टोक. करवतीनं ते किंचित जाड ठेवलं आहे, उरलेलं पटाशी काढणार. हातोडी नाही. एक हात ढकलतो, दुसरा आवरतो, आणि दोन्ही हात धारेच्या मागे. कागदासारखी ढलपी निघते. काका भोकाच्या आतल्या कडांना पेन्सिल फासतात, कुसू सरकवतात, बाहेर काढतात. जिथे काळं लागलं तिथेच ते अडतं आहे. तिथली एक ढलपी. पुन्हा सरकवतात. पुन्हा एक.

चौथ्या खेपेला कुसू अर्ध्यावर जातं आणि अडतं. काका ते बाहेर ओढतात, काळी जागा शोधतात, पटाशी टेकवतात, आणि थांबतात. धारेवरून अंगठा फिरवतात. मग काही न बोलता तेलाची बुधली जवळ ओढतात.