घासाघीस करताना ऑफर कधी मरते?

नमस्कार मंडळी! कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की लोकांना स्टॅम्प पेपर आणि सह्याच आठवतात, पण मुळात एकाने ऑफर दिली, दुसऱ्याने ती जशीच्या तशी मान्य केली, दोन्ही बाजूंनी काहीतरी देणंघेणं ठरलं आणि कायद्याने बांधून घ्यायचा दोघांचा इरादा असला की झाला करार, बरेचदा नुसत्या बोलण्यावरही होतो. जमिनीसारख्या काही व्यवहारांना लेखी लागतं, ते वेगळं.

आता त्यातलं 'जशीच्या तशी' नीट लक्षात ठेवा, कारण लोक अडकतात ते इथेच.

इंग्लंडमधली १८४० ची केस आहे, हाइड विरुद्ध रेंच. रेंच म्हणाला माझं शेत १००० पौंडांना देतो, हाइड म्हणाला ९५० देतो, रेंचने नकार दिला. मग हाइड म्हणतो, ठीक आहे, १००० घे! तर रेंच द्यायला तयारच नाही, आणि कोर्टानेही सांगितलं की करार झालेलाच नाही. का? तर ९५० म्हणणं ही हाइडची उलटी, नवी ऑफर झाली, तिला म्हणतात काउंटर-ऑफर, आणि ती दिल्याबरोबर पहिली ऑफर मेली, आणि मेलेली ऑफर हाइडला एकट्याला परत उठवता येत नाही, रेंचने पुन्हा दिली तरच.

मग काय, काही विचारायचंच नाही का? विचारा की! १८८० ची स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन बघा. लोखंड टनाला ४० शिलिंग, रोख, ऑफर सोमवारपर्यंत. घेणाऱ्याने तार करून विचारलं की माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने मिळेल का, आणि उत्तर आलं नाही तेव्हा मूळ अटींवरच होकार कळवला. विकणाऱ्याने तोवर माल दुसऱ्याला विकलेला, पण कोर्ट म्हणालं ही नुसती विचारणा होती, ऑफर जिवंतच होती. म्हणून मेसेजमध्ये 'एवढ्यात देत असाल तरच घेतो' असं लिहू नका, 'मूळ ऑफर तशीच धरून विचारतोय' असं स्पष्ट लिहा, खरंच लिहा.

आणि हो, 'सोमवारपर्यंत थांबतो' या नुसत्या शब्दावर विसंबू नका. त्या थांबण्याचा काही मोबदला, म्हणजे कन्सिडरेशन, दिलेलं नसेल तर इंग्लिश कायद्यात समोरचा सोमवारच्या आधीही ऑफर मागे घेऊ शकतो, फक्त तुम्ही हो म्हणायच्या आत ते तुम्हाला कळलं पाहिजे. थोडे पैसे देऊन ती मुदत पक्की करून घेतली की त्याला ऑप्शन म्हणतात, मग मात्र तो बांधला गेला.