‘तर’ कुठे गेला?

(अंबाजोगाईच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या जिल्ह्यात रेल्वेचा विषय काढला की आधी लोक हसतात, मग बोलतात. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या तीस वर्षांत किती सभांमध्ये किती जणांनी ती गाडी ‘पुढच्या वर्षी’ सोडली, याची नोंद कुणाकडे आहे का?

सभागृहात बोललेल्याची नोंद असते. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, आपल्या विधिमंडळातही आहे. ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’ एवढं जरी मंत्री बोलून गेले, तरी लोकसभेत ते आश्वासन धरलं जातं. अशा शब्दप्रयोगांची यादीच केलेली आहे आणि पूर्ततेला मुदत तीन महिन्यांची. पाळतात किती, ते सोडा. पण मैदानावरच्या सभेला असली कुठलीच समिती नाही. तिथला शब्द लाउडस्पीकरच्या भोंग्यातून निघतो आणि मंडप सुटेपर्यंत विरतो.

म्हणून आम्ही चार-पाच जणांनी जुन्या सभा गोळा करायला घेतल्या. एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे लग्नांच्या कॅसेटींखाली सभांच्या कॅसेटी निघाल्या. बुरशी पुसून त्या संगणकावर घेतल्या, आवाजाचा मजकूर करणाऱ्या एआयला दिल्या आणि मग विचारलं, पाण्याबद्दल कोण कधी काय बोललं ते काढ. दोन महिन्यांचं काम एका दुपारीत झालं. खोटं कशाला बोलू, आम्ही हरखून गेलो.

मग वाचायला बसलो. एक वक्ता म्हणतो, ‘आम्ही हे काम करूलालोत.’ तुम्हा-आम्हाला कळतं की काम चालू आहे असं तो सांगतोय. यंत्राने लिहिलं, ‘आम्ही हे काम करू.’ म्हणजे चालू नसलेलं काम ज्याने चालू आहे म्हणून सांगितलं, त्याच्या नावावर नुसतं वचन लागलं. थाप सुटली! दुसरीकडे, ‘साहेबांनी शब्द दिलाय.’ आता आपल्याकडे तालुक्याला एक साहेब, एक दादा, एक ताई. यंत्राने सगळ्या साहेबांची वचनं एकाच साहेबांच्या खात्यात टाकली. त्या बिचाऱ्यांनी एवढी आश्वासनं सात जन्मांत दिली नसतील.

तरी काही कामांत त्याला तोड नाही. ४ ऑक्टोबर २०१६ ला मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्यात झाली, सुमारे ४९ हजार कोटींचा आराखडा जाहीर झाला. १६ सप्टेंबर २०२३ ला पुन्हा बैठक, पुन्हा ४५ हजार कोटींच्या वरचा आकडा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकच काम नाव बदलून दोनदा आलंय का, हे बघायला माणूस कंटाळतो. यंत्र कंटाळत नाही.

पण त्याला कॅसेट न देता नुसतं विचारून बघा. आम्ही विचारलं, अमुक पुढारी तलावाबद्दल काय म्हणाले होते? अवतरणचिन्हांत झकास वाक्य आलं, तारखेसकट. तशी सभाच आमच्या कुठल्या कॅसेटीत नव्हती. त्या दिवशी ठरवलं, कॅसेट आणि मिनिट सांगता येत नसेल तर वाक्य वापरायचं नाही. उलटंही आहेच. २०२० च्या दिल्ली निवडणुकीत भाजपच्या मनोज तिवारींचा हरियाणवीतला व्हिडिओ फिरला. ते तसं हरियाणवीत बोललेच नव्हते, आवाज दुसऱ्याचा होता आणि ओठ यंत्राने हलवले होते. तेव्हापासून खरं बोललेल्यालाही ‘तो आवाज माझा नाही’ म्हणायची सोय झाली. म्हणून मूळ कॅसेट फेकायची नाही, ती कुणाकडून आली तेही लिहून ठेवायचं.

आता तलावाचंच सांगतो. यंत्राच्या सारांशात एक ओळ होती, ‘पावसाळ्यापूर्वी तलाव पूर्ण करण्याचे आश्वासन दिले.’ तलाव आजही अर्धाच आहे. माझा मथळासुद्धा तयार होता. आमच्यातले एक काका लघुलेखक म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी कानाला हेडफोन लावला, तीनदा मागं-पुढं केलं आणि म्हणाले, ‘अहो, तर म्हणालाय त्यो.’ मूळ वाक्य होतं, ‘निधी आला तर पावसाळ्याच्या आत तलाव पूर्ण करून देतो.’ सारांश करताना ‘निधी आला तर’ एवढंच गळालं होतं.

छापण्याआधी त्या गृहस्थांकडे गेलो. आता पदावर नाहीत, ओसरीवर पेपर वाचत होते. ऐकवल्यावर मनापासून हसले. ‘मी तर म्हणालो होतो. टाळ्यांत तुम्हालाच ऐकू आलं नाही.’ बरोबर होतं त्यांचं. पण मग प्रश्न उरला, निधी आला होता का?

इथे यंत्र पुन्हा कामाला आलं. शासन निर्णयावर अठरा अंकी सांकेतांक असतो, ते धुंडाळायला त्याला वेळ लागत नाही. प्रशासकीय मान्यतेचा जीआर सापडला. त्याच जीआरच्या जोरावर तेव्हा गावात पेढे वाटले होते म्हणतात. आता प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला हरकत नाही एवढंच, पैसे आले असं नव्हे. पैशाचा जीआर वेगळा निघतो, निधी वितरणाचा. तो आम्ही गेले पाच महिने शोधतोय. काका म्हणतात, ट्रेझरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकू. सोमवारी टाकणार आहोत.