जोत्यापासून माळवदापर्यंत

[गल्ली, बंद दरवाजा]

सोलापूरच्या जुन्या कसब्यातलं हे घर. रस्त्यावरून पाहिलं तर सिमेंटचा गिलावा, त्यावर पिस्ता रंग आणि एका खोलीला लोखंडी शटर. जुनं म्हणावं असं काहीच नाही. पण दाराशी या. चौकट सागवानी, उंबरा हातभर रुंद, आणि मोठ्या दाराच्या पोटात लहान दार, दिंडी. वाकल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. गणेशपट्टीच्या जागी इथे शिवलिंग कोरलंय, दोन्ही बाजूंना नंदी. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका चौकात ऐकू येणारं हे गाव. वाड्याची मांडणी बहुतेकांची सारखी असली तरी चौकटीवरचा देव ज्याच्या त्याच्या घराण्याचा.

घराला दुरुस्ती हवी आहे. मालकांच्या मनात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवून सरसकट स्लॅब टाकायचा विचार आहे. मिस्त्रींनी हातोडा अजून पिशवीतून काढलेला नाही. "मालक, कुठला भाग कवाचा हाय, कशाचा हाय, ते आधी बगू की," म्हणतात.

[जोतं, भिंतीचा पापुद्रा निघालेला कोपरा]

बघायला सुरुवात खालून. जोतं काळ्या दगडाचं, घडीव, सांधे इतके बारीक की नखसुद्धा शिरत नाही. कमरेपर्यंत दगड आणि त्याच्या वर माती. गिलावा सुटलेल्या या कोपऱ्यात नीट पाहा: सगळ्यात बाहेर सिमेंट, त्याखाली चुन्याचा पातळ थर, आणि आत पांढऱ्या मातीचे मोठे, न भाजलेले भेंडे. भिंतीची जाडी दोन हातांच्या वर. मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो तेव्हा या भिंतीआड माजघर थंड असतं ते या जाडीमुळे. मिस्त्री किल्लीचं टोक चुन्यावर फिरवतात, भुकटी पडते. सिमेंटवर फिरवतात, किल्लीच घासली जाते. देशात सिमेंट मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं ते 1914 मध्ये, पोरबंदरला. म्हणजे बाहेरचा हा थर घराच्या मानाने फार अलीकडचा.

[चौक, सोपा, खांब]

आत चौक, चारी बाजूंनी सोपे, म्हणजे खांबांवरच्या ओसऱ्या. या घराचं माप फुटात सांगून कळायचं नाही, ते खणात मोजायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. मागचा सोपा पाच खणांचा. तिथले खांब चौकोनी, साधे, दगडी तळखड्यावर नुसते उभे केलेले. समोरच्या सोप्यात मात्र सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाची नक्षी, खांबाखांबांत लाकडी महिरपी. ही पेशवाईत रुळलेली धाटणी, पुढेही बराच काळ सुतारांच्या हातात राहिली. म्हणून खांब सुरूदार दिसला की घर पेशवाईतलं, असं लगेच म्हणू नये.

[छत, खालून, मग माळवदावरून]

आता वर पाहा. या घरातली सगळ्यात शहाणी गोष्ट ही आहे. खाली तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. हा कडीपाट. स्वयंपाकघरावर फळ्यांऐवजी किलच आहेत, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या चिपा. पैसा बैठकीवर खर्चायचा आणि मागे काटकसर करायची, ही रीत छतातही दिसते. त्यावर झाडपाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर गावठाणाच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती. गवत उगवू नये म्हणून तीत मीठ. ही माती पाणी पडलं की फुगून मिटते आणि खाली गळू देत नाही. उतार इतका हलका की चालताना जाणवतही नाही, पण पन्हळीकडे पाणी बरोबर जातं. कमी पावसाच्या मुलखाला हे छत शोभतं. कोकणात ते एक पावसाळाही टिकायचं नाही. दर वर्षी मृगाआधी वर नवी माती टाकून धुम्मसाने, म्हणजे जड ठोकणीने, चोपायची, एवढीच त्याची मागणी. ती मागणी बंद झाली की गळती सुरू होते, आणि दोष माळवदाला दिला जातो.

[पुढची खोली, गर्डर]

शटरची खोली पूर्ण वेगळी. छताला लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांमध्ये विटांच्या बसक्या कमानी. रेल्वे सोलापूरला आली 1860 च्या सुमारास, पहिली कापड गिरणी 1877 ची. गिरण्यांनी पैसा आणला, रेल्वेने लोखंड. घरांत बिडाचे खांब, रंगीत काचा, मंगलोरी कौलं शिरली. त्या काळची हौस थाटात पाहायची तर इंद्रभुवन पाहावं; आप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू, पुढे महापालिकेची झाली. आपल्या घरात त्या हौशीचा एवढाच तुकडा आहे.

[गर्डरवरची अक्षरं, अगदी जवळून]

गंज पुसल्यावर गर्डरच्या पोटावर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसतात: टाटा. जमशेदपूरला पोलाद निघालं 1912 मध्ये. तेव्हा हा गर्डर त्यानंतरचा. तो दुसऱ्या इमारतीतून आणून बसवलेलाही असू शकतो, म्हणून एका खुणेवर भागत नाही. विटेचा आकार, चुना, दाराचे खिळे, सगळं जुळवावं लागतं. कौलांचंही तेच. मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला 1865 मध्ये, पुढे इतरही निघाले. कौलावर साल छापलेलं असेल तर ते बऱ्याचदा कारखान्याचं जन्मसाल असतं, कौलाचं नव्हे.

[गच्चीचा गोल कोपरा]

रस्त्याकडची गॅलरी आणखी नंतरची. गोल कोपरा, तीन आडव्या पट्ट्या, ग्रीलमध्ये उगवता सूर्य, वर सिमेंटचा ओम. मुंबईत 1930 नंतर गाजलेल्या आर्ट डेको या बांधकामशैलीची ही सोलापुरी आवृत्ती, आणि तीही जपण्यासारखी आहे.

म्हणजे एका घरात तीन काळ, आणि तिघांचं औषध वेगळं. मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, तुळईची टोकं कुजतात. वर स्लॅब टाकला तर ते ओझं भिंतीला पेलत नाही.

[चुन्याची घाणी, टेकू]

मालकांनी स्लॅबचा विचार मागच्या भागापुरता सोडला आहे. तिथला सिमेंटचा थर खरवडून घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला चुना लागेल, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. गर्डरांच्या खोलीत गंज काढून रंग, कमानींच्या सांध्यात चुना. गॅलरी सिमेंटचीच, तिची डागडुजी सिमेंटनेच. काम मागच्या सोप्यापासून सुरू झालंय. दोन तुळया बदलायच्या आहेत, टेकू लागले आहेत, आणि मृगाच्या आत वरची माती चोपून व्हायला हवी.