छप्पर उतरवलेलं घर

हा जो घूं घूं आवाज येतोय तो वाऱ्याचा आहे, माइकला कव्हर लावूनही थांबत नाहीये, सॉरी, पण तो काढून टाकला तर ही जागा तुम्हाला कळणारच नाही.

आपण आहोत स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, अ‍ॅबरडीनशायरमध्ये, क्रूडन बे गावाच्या बाहेर. गावातून कड्याच्या बाजूने चालत आलं की हे स्लेन्स कॅसल, ना तिकीट ना वॉचमन. नाव कॅसल असलं तरी हे राहतं घर होतं हो, एवढ्या मोठमोठ्या खिडक्या लढाईच्या किल्ल्याला कोण ठेवेल?

मालक म्हणजे एरोलचे अर्ल, अर्ल ही इथल्या सरदारांची पदवी. त्यांचं जुनं स्लेन्स इथून दक्षिणेला होतं, पण नववे अर्ल फ्रान्सिस हे बंडात सामील झाले म्हणून राजा सहाव्या जेम्सने १५९४ मध्ये ते सुरुंगाने उडवलं, मग १५९७ मध्ये हे नवीन घर उभं राहिलं. पुढे भर पडत गेली आणि १८३६-३७ मध्ये तर बरंचसं नव्यानेच बांधलं. जरा जवळ या, हे बघा, बाहेरून ताशीव ग्रॅनाइट, एकदम रुबाबदार, आणि आत साध्या लाल विटा! आणि ती वर भिंतीत लटकलेली फायरप्लेस दिसतेय का? तिच्यासमोरची जमीनच गेलीये.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी शब्दकोश लिहिणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे मित्र, लेखक जेम्स बॉझवेल इथे मुक्कामाला होते. जॉन्सन एकदम खूश, मुद्दाम वादळ यावं असं म्हणणार नाही पण यायचंच असेल तर ते इथल्या खिडकीतून बघायला आवडेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. बॉझवेलची मात्र झोप उडालेली. खोलीत आग भगभगतेय, खाली समुद्र गर्जतोय, उशीत समुद्रपक्ष्यांची पिसं आणि त्यांना वास, त्यात भुताची भीती, कारण यजमानांच्या वडिलांचा, लॉर्ड किलमार्नक यांचा, १७४६ मध्ये लंडनला शिरच्छेद झालेला! मला बॉझवेल जास्त जवळचा वाटतो, खरं सांगू का.

बाकी लोक येतात ते ड्रॅक्युलासाठी. ती कादंबरी लिहिणारे ब्रॅम स्टोकर सुट्टीला क्रूडन बेला यायचे आणि इथला अष्टकोनी हॉल त्यांच्या कादंबरीतल्या खोलीशी जुळतो, बास, एवढंच, पुढचं सगळं रंगवलेलं.

मग हे पडलं कसं? युद्ध नाही, आग नाही, वादळही नाही. १९१६ मध्ये अर्लनी घर विकलं, घेतलं जहाज कंपन्यांचे मालक सर जॉन एलरमन यांनी, आणि १९२५ मध्ये छप्पर काढलं, कारण छप्पर आहे तोवर रिकाम्या घराचाही टॅक्स भरा. छप्पर गेलं की पाऊस थेट आत, मग लाकूड कुजणार, गिलावा सुटणार, बाकीचं काम खारा वारा करतोच, त्याला काय घाई नाही.

आता या खिडकीतून खाली बघूया, म्हणजे कॅमेराच पुढे करतो, मी इथेच थांबतो. पलीकडे सरळ कडा आहे, गवत ओलंय आणि माझा एक बूट आत्ताच घसरलाय.