खडकाखालचं साल्झबुर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं नाव निघालं की पहिल्यांदा संगीतकार मोझार्ट आठवतो. गेट्राइडेगासे नावाच्या अरुंद गल्लीत, ९ नंबरच्या घरात, २७ जानेवारी १७५६ रोजी त्याचा जन्म झाला. त्या पिवळ्या घरासमोर आजही माणसांची रीघ लागलेली असते, आणि ती लागावीच. पण आज मी तुम्हाला नेणार आहे त्या गल्लीच्या पाठीमागे, जिथे डोंगराचा ताशीव कडा घरांच्या अगदी पाठीला टेकलाय. एका बाजूला साल्झाख नदी, दुसऱ्या बाजूला हा कडा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जुनं शहर. मान वर केली की सुमारे १२० मीटर उंचीवर किल्ला दिसतो. होहेनसाल्झबुर्ग.

या शहरावर राजा नव्हता, आर्चबिशप राज्य करत. धर्मपीठही त्यांचं आणि तिजोरीही त्यांची. ती तिजोरी भरायची जवळच्या हालाइनच्या मिठावर. बिशप नेमायचा हक्क पोपचा की सम्राटाचा, यावरून अकराव्या शतकात मोठा झगडा पेटला. त्यात आर्चबिशप गेबहार्ड पोपच्या बाजूने उभा राहिला आणि १०७७ मध्ये त्याने डोंगरावर तटबंदी घालायला घेतली. म्हणजे सुरुवात बाहेरच्या शत्रूच्या धाकातून झाली. पुढे मात्र किल्ल्याची नजर वळली ती खालच्या गावाकडे.

आज आपण जो किल्ला पाहतो, त्याला हे रूप बरंचसं १५०० च्या आसपास लेओनहार्ड फॉन कॉइटशाख या आर्चबिशपाने दिलं. त्याच्या कुलचिन्हात सलगम होता. किल्ल्यावर हिंडताना भिंतीभिंतीवर हा कंद कोरलेला दिसतो. वरच्या सोनेरी दालनातली १५०१ सालची रंगीत मातीची शेगडी तर तासभर पाहत बसावी अशी आहे. याच लेओनहार्डने १५११ मध्ये शहराच्या महापौराला आणि नगरसभेच्या सदस्यांना मेजवानीला बोलावलं आणि तिथेच अटक केली. सम्राटाने शहराला दिलेले हक्क त्यांना सोडून द्यावे लागले. पुढे १५२५ मध्ये शेतकरी आणि खाणकामगार उठले. शहर त्यांच्या हाती आलं आणि आर्चबिशप मॅथॉइस लांग किल्ल्यात कोंडला गेला. वेढा जवळजवळ तीन महिने चालला, पण किल्ला पडला नाही. म्हणून सांगतो, हा किल्ला मला सुंदर वाटतो, निरागस वाटत नाही.

तिथे १५०२ सालचं एक यांत्रिक ऑर्गन आहे, त्याला साल्झबुर्गचा बैल म्हणतात. त्याचा हंबरडा साऱ्या शहरावर पसरतो. तो ऐकताना खालच्या गल्ल्यांतल्या माणसांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण खालची माणसंही स्वस्थ बसलेली नव्हती. शहराला पाणी हवं होतं आणि मध्ये होता म्योंख्सबेर्गचा, म्हणजे घरांमागच्या त्याच डोंगराचा, खडक. ११३७ ते ११४३ या काळात तो खडक आरपार फोडून जवळजवळ चारशे मीटरचा बोगदा काढला गेला. सुरुंगाची दारू नव्हती, होते ते हातोडे आणि छिन्न्या. सहा वर्षं माणसं अंधारात खडक फोडत होती! त्या कालव्याला आल्मकानाल म्हणतात आणि तो अजून वाहतो. संत पेटर मठाच्या बेकरीपाशी त्याच्या पाण्यावर चाक फिरताना दिसतं, आणि आत लाकडाच्या भट्टीत राय धान्याची आंबट पाव-लादी भाजली जाते. मठ स्वतः ६९६ सालचा. शेजारचं कब्रस्तान कड्याला लागून आहे आणि वर खडकात कोरलेल्या खोल्या आहेत. तिथे घाई करू नका.

हाच कडा जिवावरही उठतो. १६६९ मध्ये म्योंख्सबेर्गचा एक मोठा भाग घरांवर कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आजही दोरखंडाला लोंबकळत कड्यावर उतरणारी खास माणसं शहराच्या नोकरीत आहेत. हाताने ठोकून आवाजावरून खडक पारखायचा, सैल झालेला दगड काढून टाकायचा, हे त्यांचं काम. या शहरातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम मला हेच वाटतं. मोझार्टचं घर, चर्चचे घुमट, १९९६ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा मान, सगळं या माणसांच्या कानांवर उभं आहे.

तुम्ही कधी गेलात तर किल्ल्यावर जायला १८९२ सालची, दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. पण पायात बळ असेल तर चालतच चढा. उतरताना मात्र नोनबेर्गच्या बाजूने या. तिथे आठव्या शतकापासून जोगिणींचा मठ अखंड चालू आहे. त्याच बाजूने माल वर ओढणारा एक जुना रूळमार्ग किल्ल्यात शिरतो. पाचशे वर्षांपूर्वी तो लाकडी होता आणि गाडा ओढायला वाखाची दोरी असे. आता रूळ लोखंडी आहेत, पण माल अजून त्याच वाटेने वर जातो. आणि सप्टेंबरात जाणं जमलं तर फार उत्तम. त्या महिन्यात साफसफाईसाठी आल्मकानालचं पाणी बंद करतात आणि बाराव्या शतकातल्या त्या बोगद्यातून माणसांना चालत जाता येतं. छिन्नीच्या खुणा तिथे हाताला लागतात.

नमस्कार.