आपल्या मनानं सोडलं

(दृश्य : वीटभट्टी. तुटक्या विटांचा ढीग. मुली घमेल्यात विटा भरताहेत.)

चांगल्या विटा ट्रॅक्टरमध्ये भरून गेल्या की भट्टीवर हा खच मागे राहतो. चिरा गेलेल्या, कोपरे उडालेल्या विटा. बांधकामाला त्या कोणी नेत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात त्या शाळेच्या मुली नेतात. घमेल्यात टाकण्याआधी प्रत्येक वीट दुसरीवर आपटून पाहतात. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर परत ढिगावर. बद्द वाजणारी वीट आतून कच्ची असते, तिच्या भुकटीचा पहिल्याच पावसात चिखल होतो.

(दृश्य : शाळेचं आवार. बारदान्यावर विटा, वरून धुम्मस. गव्हाची चाळणी. लाल धूळ.)

बारदाना अंथरायचा, त्यावर विटा, आणि वरून धुम्मस. मग चाळायचं. चाळणीत उरलं ते पुन्हा धुमसाखाली. अख्खी सकाळ कुटून जेवढी भुकटी निघते, तेवढ्यानं टेनिस कोर्टाचा एक कोपराही धड झाकला जात नाही. तरी कोर्ट झालंय. तुम्ही बघताय ते अख्खं कोर्ट असं घमेल्या-घमेल्यानं झालंय.

इथली जमीन काळी. कपाशीला ती मानवते, मैदानाला नाही. पावसात फुगते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की आत गेलेला बॉल काडीनं उकरून काढावा लागतो. म्हणून क्रीडाशिक्षकांनी आधी ही माती उपसली. तळाला दगडगोटे टाकले. त्यावर पांदण रस्त्याच्या कामातून उरलेला मुरूम, मग पाणी, पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी. रोलर ग्रामपंचायतीनं दिला, ओढला गावातल्या पोरांनी. सगळ्यात वर ही भुकटी.

पॅरिसला फ्रेंच ओपन ही टेनिस स्पर्धा होते, त्या रोलाँ गॅरोसची कोर्टंही अशीच थरांची आहेत. टीव्हीवर दिसणारा लाल रंग म्हणजे वरची जेमतेम एक-दोन मिलिमीटर विटांची भुकटी. तिच्याखाली चुनखडीचा चुरा, त्याखाली जळक्या कोळशाचे खडे, मग खडी, आणि तळाला मोठे दगड. त्या लाल भुकटीवर ८ जून २०१९ रोजी ॲश बार्टी नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीनं चेक प्रजासत्ताकाच्या मार्केता वोंद्रुशोवाला ६-१, ६-३ असं हरवलं आणि आपलं पहिलं ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधलं, एकेरी विजेतेपद मिळवलं. हे सरांनी मुलींना सांगितलं, आणि तेव्हापासून बार्टी या शाळेतलीच एक असल्यासारखी झाली.

(दृश्य : सुतळी, खुंट्या, फक्की मारणारे हात.)

आखणी बघण्यासारखी आहे. कोपऱ्यात खुंटी ठोकायची. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन टोकांत पाच फूट भरले की काटकोन जमला. गावातला गवंडी पाया आखताना हेच करतो, त्यानंच ते मुलींना शिकवलं. लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. सुतळी ताणली की तिच्या कडेनं फक्की. खांब म्हणजे बोअरचे जुने पाइप. नेट म्हणजे मासेमारीचं जुनं जाळं, वर पांढऱ्या धोतराची पट्टी शिवलेली. मधोमध उंची बरोबर तीन फूट. रोज खेळण्याआधी एक मुलगी काठी लावून ती मोजते आणि जाळं सैल पडलं असेल तर ओढून बांधते. तिला कोणी सांगावं लागत नाही.

(दृश्य : धान्य गोदामाची मागची भिंत. मुलगी एकटीच बॉल मारते आहे.)

मुलींची नावं या फिल्ममध्ये मुद्दाम दिलेली नाहीत. ही आठवीत आहे, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून, चालत येते. बॉल भिंतीवर मारायचा आणि परत येईल तो पुन्हा मारायचा. बार्टीचं टेनिसही असंच सुरू झालं होतं. क्वीन्सलँडमधल्या इप्सविचची ही मुलगी, जन्म १९९६चा. घराच्या भिंतीवर तासन् तास बॉल मारत राहायची. ब्रिस्बेनचे प्रशिक्षक जिम जॉइस एवढ्या लहान मुलांना शिकवत नसत, पण तिची नजर बघून त्यांनी तिला ठेवून घेतलं. बार्टीच्या वडिलांकडून तिचं नातं न्गारिगो या ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजाशी जोडलेलं आहे, आणि ते तिनं कायम अभिमानानं सांगितलं.

आता हिचा हात बघा. हा बॅकहँड स्लाइस आहे. बॅकहँड म्हणजे हाताची पाठ बॉलकडे ठेवून मारलेला फटका. रॅकेट खांद्याच्या वरून निघते, खाली उतरते आणि बॉलच्या पोटाखालून सरकत पुढे जाते. बॉल पुढे जातो, पण फिरतो उलटा. म्हणून टप्पा पडल्यावर तो उसळत नाही, जमिनीलगत घसरतो. समोरची उंच असेल, दोन हातांनी बॅकहँड मारणारी असेल, तर तिला गुडघ्यात वाकून तो उचलावा लागतो. एकदा, दोनदा, दहादा. बार्टीची उंची १६६ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आतच. तिच्या काळात सहा फुटांच्या आसपासच्या खेळाडू जोरावर सामने काढत होत्या. तिनं या एका फटक्यानं त्यांना वाकायला लावलं. २०२१च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातली कॅरोलिना प्लिस्कोवा अशीच सहा फूट उंचीची. तो सामना बार्टीनं ६-३, ६-७, ६-३ असा जिंकला.

(दृश्य : स्लाइस, जवळून. बॉल गोदामाच्या पायरीला लागतो. पुन्हा. पुन्हा.)

विदर्भातल्या गावात टेनिस बॉल म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं. एसटी स्टँडवर, पानठेल्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट सामने' असे फलक लागतात. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, खाली पुढाऱ्यांचे फोटो. मुलींसाठी असा फलक आम्हाला या भागात कुठे दिसला नाही.

बार्टीही क्रिकेट खेळली. २०१३ मध्ये ती सतरा वर्षांची होती. त्या वर्षी केसी डेलाक्वासोबत तिनं तीन ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या दुहेरीची अंतिम फेरी गाठली. सगळं जग तिच्याकडे बघत होतं. आणि २०१४च्या अमेरिकन ओपननंतर, अठराव्या वर्षी, ती टेनिस सोडून घरी आली. सततचा प्रवास, घरापासून लांब राहणं, सगळ्यांच्या अपेक्षा, हे तिला पेलवेना. मग ब्रिस्बेन हीट या संघाकडून बिग बॅश ही महिलांची क्रिकेट स्पर्धा खेळली, पहिल्याच सामन्यात २७ चेंडूंत ३९ धावा काढल्या. २०१६ मध्ये परत टेनिसकडे वळली तेव्हा एकेरीच्या क्रमवारीत सहाशेच्याही खाली होती. जून २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर आली. त्या जागेवर ती एकूण १२१ आठवडे राहिली, त्यातले ११४ सलग. सलग आठवड्यांत तिच्या पुढे फक्त तिघी आहेत : स्टेफी ग्राफ, सेरेना विल्यम्स आणि मार्टिना नवरातिलोव्हा.

अठराव्या वर्षी सोडू दिलं नसतं, तर ती परत आली असती का? आम्हाला वाटतं, नसती आली.

(दृश्य : वर्गाच्या फळ्यावर चिकटवलेले दोन फोटो. दोन्हींत पांढरा पोशाख, खालची किनार पाकळ्यांसारखी.)

हा डावीकडचा फोटो १९७१चा, इव्हॉन गुलागाँगचा. हीही ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींपैकी, विराजुरी समाजाची मुलगी, न्यू साऊथ वेल्समधल्या बॅरेलन या छोट्या गावात वाढलेली. वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे. गावातल्या टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर उभी राहून ती खेळ बघायची. क्लबच्या एका माणसानं तिला बघितलं आणि आत ये म्हणाला. एकोणिसाव्या वर्षी ती विम्बल्डन जिंकली. १९८०मध्ये, आई झाल्यावर, पुन्हा जिंकली.

उजवीकडचा फोटो २०२१चा. गुलागाँगच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून बार्टीनं तसाच पोशाख करून घेतला आणि त्याच पोशाखात विम्बल्डन जिंकली. पुढच्या जानेवारीत, २०२२ मध्ये, मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात डॅनियल कॉलिन्सविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये १-५ अशी मागे असताना तिनं तो सेट काढला. संपूर्ण स्पर्धेत एकही सेट गमावला नाही. ऑस्ट्रेलियाची क्रिस ओनील १९७८मध्ये जिंकली होती, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी घरच्या मुलीनं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. चषक तिच्या हातात दिला तो गुलागाँगनं. फळ्याजवळ उभी असलेली ती सातवीतली मुलगी दोन्ही फोटोंतली किनार बोटानं गिरवते आहे.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. एका मोबाइलभोवती मुली.)

आणि मग २३ मार्च २०२२. बार्टीचं वय पंचवीस, जगात पहिला क्रमांक, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिनेही झालेले नाहीत. इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ येतो. समोर बसली आहे तिची जुनी दुहेरीची जोडीदार केसी डेलाक्वा. बार्टी सांगते की ती टेनिसमधून निवृत्त होते आहे. शरीरानं देण्यासारखं आपल्याकडे आता काही उरलं नाही, जे होतं ते सगळं या खेळाला दिलं, आणि आपल्यासाठी हेच यश आहे, असं तिचं म्हणणं.

सरांनी हा व्हिडिओ मुलींना दाखवला आणि अडेल तिथे थांबवून मराठीत सांगितला. मुली गप्प होत्या. मग स्लाइस मारणारी ती मुलगी बोलली.

"म्हणजे तिले कोणी सोडाले लावलं नाही? आपल्या मनानं सोडलं?"

"आपल्या मनानं," सर म्हणाले.

"घरचे काही नाही म्हणले?"

"काहीच नाही म्हणाले."

"मंग हरली नाही नं ते."

ही फिल्म या प्रश्नासाठी केली आहे. आपल्याकडेही मुली खेळ सोडतात. दहावी झाली की सोडतात, शाळा दुसऱ्या गावाला गेली की सोडतात, घरी लहान भाऊ सांभाळायला कोणी नसलं की सोडतात, कापूस वेचायला माणसं कमी पडली की सोडतात. सोडायचं का, असं त्यांना कोणी विचारत नाही, आणि राहायचं का, असंही विचारत नाही. बार्टीनं दोनदा सोडलं. दोन्ही वेळा निर्णय तिचा होता, आणि पहिल्यांदा सोडून परत येण्याची वाटही तिच्यासाठी उघडी राहिली. तिची तीन ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं आम्हाला मोठी वाटतात. त्याहून मोठी वाटते ती ही मोकळीक, आणि ती या मुलींच्या वाट्याला यायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : अंगणात आजी, तूर पाखडते आहे. नात बाजूला, हातात रॅकेट.)

आजींना विचारलं, नात खेळते ते आवडतं का.

"खेयू दे नं तिले," आजी म्हणाल्या. "आमच्या येळी कोण इचारे बाप्पा? मी बी पयत होती लय. लगीन झालं, झालं."

(दृश्य : कोर्टवर सामना. प्रेक्षकांत गावातली माणसं, बायका वावरातून परतताना थांबलेल्या.)

बार्टी निवृत्त झाली तेव्हा जगभर हळहळ झाली. ४ एप्रिल २०२२ला पोलंडची इगा श्वियाँटेक पहिल्या क्रमांकावर आली आणि टेनिस पुढे सुरू राहिलं. याआधी बेल्जियमची जस्टिन हेनिनही मे २००८ मध्ये, पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षीच थांबली होती. बार्टीनं टेनिस सोडलं, पण मूळनिवासी मुलांपर्यंत रॅकेट पोचवायचं काम ती खेळत असल्यापासून करत होती.

इथे चित्रीकरण झालं तेव्हा दहावीत असलेल्या तिघींपैकी दोघी आता मैदानावर येत नाहीत. एकीचं लग्न ठरलं आहे.

(दृश्य : सर आणि मुख्याध्यापिका एका घराच्या ओट्यावर. मुलीचे वडील, चहा, वही.)

निकालाआधी सर आणि मुख्याध्यापिका मॅडम नववीतल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाताहेत. वहीत मुलीचं नाव, आणि पुढे दोन रकाने : तिला खेळायचं आहे का, आणि हे तिनं स्वतः सांगितलं का. दुसरा रकाना वडिलांसमोर, मुलीला विचारूनच भरायचा, असं मॅडमनी ठरवलं आहे. आम्ही होतो त्या घरी मुलीनं थोडा वेळ घेतला आणि "हो" म्हणाली. वडील म्हणाले, "मंग लिवा."

(दृश्य : कोर्टच्या शेजारची मोकळी जागा. सर पावलांनी अंतर मोजताहेत.)

शेजारी दुसऱ्या कोर्टला पुरेल एवढी जागा आहे. विटा भट्टीवरून मिळतील, कुटायला मुली आहेत. मुरूम लागेल, खरं नेट लागेल, आणि लहान हातांना झेपतील अशा पंचवीस-सव्वीस इंची रॅकेट लागतील. कोणाच्या घरी अशी रॅकेट माळ्यावर पडून असेल, तर व्हिडिओखालच्या पत्त्यावर पाठवा. तार तुटलेली असली तरी चालेल. सर तारा स्वतः ओढतात.